समाजकार्याच्या दारात काय विचारावे?

चेन्नईच्या नैर्ऋत्येस, कांचीपुरम जिल्ह्यात, ओरगडम नावाचे ठिकाण आहे. भातशेती आणि तलावांचा हा मुलूख गेल्या दोन दशकांत देशाच्या वाहन उद्योगाचे एक मोठे केंद्र बनला. रेनो-निस्सान, डेमलर, रॉयल एनफिल्ड, अपोलो टायर्स अशी नावे येथील रस्त्यांवर ओळीने वाचावयास मिळतात. ओरगडमला लागूनच असलेल्या वल्लम वडगाल औद्योगिक वसाहतीत १७ ऑगस्ट २०२४ रोजी तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी एका निवासी संकुलाचे उद्घाटन केले. इलेक्ट्रॉनिक कारखान्यांत काम करणाऱ्या १८,७२० महिलांची तेथे राहण्याची सोय आहे आणि त्यासाठी सुमारे ७०६ कोटी रुपये खर्च झाले. महाराष्ट्रातील एखाद्या लहान तालुक्याच्या गावाची लोकसंख्या एवढीच असते. फरक इतकाच की, या गावात सर्व रहिवासी स्त्रिया आहेत, बहुतेक विशीच्या आसपासच्या आहेत आणि जवळजवळ सगळ्या घरापासून दूर आल्या आहेत.

अशा संकुलाला अभियंते लागतात, स्वयंपाकी लागतात, सुरक्षारक्षक लागतात. त्या प्रत्येकाची पात्रता ठरलेली असते. परंतु एकोणीस वर्षांची एखादी मुलगी रात्रपाळीहून परतल्यावर तीन दिवस जेवत नाही, एखादीचे लग्न घरच्यांनी परस्पर ठरवलेले असते, एखादीला कंत्राटदाराने पगारातून कापलेल्या रकमेचा अर्थ कळत नाही. अशा वेळी तिने ज्या व्यक्तीकडे जावे, ती व्यक्ती कोण असावी, तिचे शिक्षण काय असावे आणि त्या शिक्षणासाठी तिची निवड कोणत्या निकषावर व्हावी? समाजकार्याच्या पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश कोणाला द्यावा, हा वरकरणी महाविद्यालयीन कार्यालयातील प्रश्न वाटतो. वस्तुतः तो ओरगडमसारख्या शेकडो ठिकाणांचा प्रश्न आहे.

आज देशात या प्रवेशाचे मुख्यतः दोन मार्ग दिसतात. तमिळनाडूतील कला व विज्ञान महाविद्यालयांत समाजकार्याच्या पदवीसाठी सर्वसाधारण अट बारावी उत्तीर्ण असण्याची आहे. शाखेचे बंधन सहसा नसते. निवड बारावीच्या गुणांवर आणि राज्याच्या ६९ टक्के आरक्षणाच्या चौकटीत होते. दुसरा मार्ग दिल्लीचा. दिल्ली विद्यापीठाच्या महाविद्यालयांतील समाजकार्य (ऑनर्स) पदवीचे प्रवेश २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून, म्हणजे ‘सीयूईटी’तून होतात. ही परीक्षा तेरा भाषांत घेतली जाते, त्यांत तमिळ आणि मराठीही आहेत. तरीही तमिळनाडू विधानसभेने ११ एप्रिल २०२२ रोजी या परीक्षेविरुद्ध ठराव केला. राज्य मंडळाच्या शाळांतून येणाऱ्या मुलांवर ती अन्याय करील आणि शिकवणी वर्गांचा धंदा वाढवील, हा त्यामागील युक्तिवाद होता. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’वरून झालेल्या संघर्षाची ही पुढची पायरी होती.

या वादात दोन्ही पक्ष हिरीरीने बोलतात. परंतु समाजकार्यापुरते पाहिल्यास दोघेही एका गोष्टीबाबत गप्प आहेत. बारावीचे गुण आणि बहुपर्यायी प्रश्नांची उत्तरे या दोहोंतून उमेदवाराच्या स्मरणशक्तीचा, वाचनाचा आणि काही अंशी घरच्या परिस्थितीचा अंदाज येतो. परक्या माणसाच्या अडचणीपाशी शांतपणे बसण्याची, त्याची भाषा समजून घेण्याची, सरकारी कार्यालयात चौथ्यांदा खेटा घालण्याची तयारी त्यांतून कळत नाही. ज्या व्यवसायाचा गाभाच हा आहे, त्याच्या दारात आपण त्याविषयी काहीच विचारत नाही.

नेहमी असेच होते, असे नाही. १२ जून १९०५ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. त्यात येणाऱ्या तरुणाला सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत आणि पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. या उमेदवारीत अभ्यास होता, देशभर प्रवास होता आणि प्रत्यक्ष काम होते. मद्रासमधील ट्रिप्लिकेनच्या हिंदू हायस्कूलचे मुख्याध्यापक व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री १९०७ मध्ये नोकरी सोडून या समाजात आले आणि १९१५ मध्ये गोखल्यांच्या निधनानंतर त्याचे अध्यक्ष झाले. म्हणजे सार्वजनिक सेवेच्या शिक्षणाच्या बाबतीत मद्रास आणि पुणे यांचे नाते शंभर वर्षांहून जुने आहे. गोखल्यांची पद्धत आज जशीच्या तशी आणणे शक्य नाही आणि इष्टही नाही. ती मूठभर उच्चशिक्षित, बहुतांशी उच्चवर्णीय पुरुषांसाठी होती. परंतु तिच्यातील एक तत्त्व लक्षात घेण्याजोगे आहे. खरी पारख दारात होत नसे, ती उमेदवारीच्या काळात होत असे.

पुढचे पाऊल मुंबईत पडले. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मिशनरी नागपाड्याच्या गजबजलेल्या वस्तीत ‘नेबरहूड हाऊस’ चालवीत होते. या कामासाठी प्रशिक्षित माणसे हवीत, या त्यांच्या आग्रहातून आणि टाटा विश्वस्त निधीच्या पाठबळावर १९३६ मध्ये ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झाले. प्रवेशाची अट नावातच होती: उमेदवार पदवीधर हवा. १९४४ मध्ये या संस्थेचे नाव टाटा समाजविज्ञान संस्था झाले. मॅनशार्ट यांच्यानंतर संस्थेची धुरा सांभाळणारे जे. एम. कुमारप्पा हे मूळचे तंजावरचे, गांधीवादी अर्थचिंतक जे. सी. कुमारप्पा यांचे बंधू. आणि १९५२ मध्ये मद्रासला ‘मद्रास स्कूल ऑफ सोशल वर्क’ उभे राहिले, ते मेरी क्लबवाला जाधव यांच्या प्रयत्नांतून. उटकमंड येथे पारशी कुटुंबात जन्मलेल्या, तरुणपणीच वैधव्य आलेल्या आणि पुढे लष्करी अधिकारी चंद्रकांत जाधव यांच्याशी विवाहबद्ध झालेल्या या बाईंनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांसाठी स्वयंसेवी कामाचे मोठे जाळे विणले होते. सद्भावनेने आलेल्या स्वयंसेवकाला शिस्तबद्ध शिक्षण मिळाले पाहिजे, हा त्या अनुभवातून निघालेला धडा होता.

मुंबईत निर्मला निकेतन १९५५ मध्ये आणि पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था १९६३ मध्ये सुरू झाली. पुढे महाराष्ट्रात समाजकार्य महाविद्यालयांची संख्या वाढली. बारावीनंतरची पदवी रूढ झाली, तेव्हा या शिक्षणाचे सामाजिक रूप पालटले. पदवीधर होईपर्यंत वाट पाहणे ज्यांना परवडत नव्हते अशी खेड्यांतील, दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त कुटुंबांतील मुले-मुली यात येऊ लागली. महाराष्ट्रात ही महाविद्यालये उच्च शिक्षण विभागाऐवजी दीर्घकाळ समाजकल्याण, म्हणजे आताच्या सामाजिक न्याय विभागाच्या छत्राखाली राहिली, ही गोष्टही या प्रवासाला साजेशीच होती. ज्यांच्यासाठी सेवा योजली जात होती, त्यांच्यातूनच सेवा देणारा घडू लागला. प्रवेशाची अट सैल झाल्याने दर्जा घसरला, असे म्हणणाऱ्यांनी हा लाभही जमेस धरला पाहिजे.

समाजकार्याच्या शिक्षणाला कारखान्याचा संदर्भ आरंभापासून आहे. मुंबई-मद्रासच्या गिरण्यांत कामगारांची भरती मुकादमाच्या हाती असे आणि लाचही त्याच्याच हाती जाई. १९३१ मध्ये व्हिटले आयोगाने भरतीसाठी आणि कामगारांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र कामगार अधिकारी नेमण्याची शिफारस केली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४९ ने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. त्याची पात्रता ठरवण्याचे काम राज्यांकडे आले. राज्यांच्या नियमांत समाजशास्त्रीय विषयातील मान्यताप्राप्त पदवी-पदविकेबरोबर एक महत्त्वाची अट सर्रास आढळते: कारखान्यातील बहुसंख्य कामगारांच्या भाषेचे पुरेसे ज्ञान. आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही मर्यादा अडीचशे कामगारांवर आणली आहे आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चारही कामगार संहिता लागू केल्या आहेत. याचा सरळ अर्थ असा की, ओरगडमपासून चाकणपर्यंत प्रशिक्षित कल्याण अधिकाऱ्यांची कायदेशीर गरज वाढणार आहे.

परंतु मधल्या काळात एक बदल झाला. कामगार कल्याण शिकायला आलेले विद्यार्थी हळूहळू ‘मनुष्यबळ व्यवस्थापना’कडे वळले, कारण पगार तेथे होता. त्यात त्यांचा दोष नाही. मात्र कारखान्यात कामगाराच्या बाजूने ऐकणारी खुर्ची रिकामी राहिली. डिसेंबर २०२१ मध्ये श्रीपेरुंबुदूर परिसरातील फॉक्सकॉनच्या महिला कामगारांच्या वसतिगृहात अन्नातून विषबाधा झाली. रुग्णालयात नेलेल्या काही मैत्रिणी दगावल्या, अशी अफवा पसरली आणि हजारो मुलींनी चेन्नई-बंगळूरु महामार्ग रोखून धरला. कोणी दगावले नव्हते. तरीही कंपनीचा, कंत्राटदाराचा किंवा प्रशासनाचा शब्द त्या रात्री मुलींना पटला नाही. अशा वेळी विश्वास निर्माण करता येत नाही, तो आधीपासून असावा लागतो. त्या वसतिगृहात नित्य ये-जा असलेली, त्यांच्या भाषेत बोलणारी आणि व्यवस्थापनाच्या दबावाखाली नसलेली एक प्रशिक्षित व्यक्ती प्रत्येक मजल्यावर असती, तर निकृष्ट अन्नाची तक्रार विषबाधेच्या आधीच वर पोहोचण्याची शक्यता तरी होती.

आता प्रवेश परीक्षेच्या बाजूने जे सांगितले जाते त्याचाही विचार केला पाहिजे. वेगवेगळ्या मंडळांचे गुण परस्परांशी तुलना करण्यासारखे नसतात. जागा भरण्यासाठी काही महाविद्यालये येईल त्याला प्रवेश देतात आणि इतरत्र कोठेही न मिळालेला विद्यार्थी समाजकार्यात येतो. सामाईक परीक्षेने निदान निवडीत पारदर्शकता येते. हे आक्षेप खोटे नाहीत. त्यावर ‘मग मुलाखत घ्या, वृत्ती तपासा’ असे उत्तर समाजकार्याच्या वर्तुळातून दिले जाते. तेथे मात्र सावध राहावे लागेल. वृत्ती तपासण्याच्या नावाखाली जात, बोली, पोशाख आणि ओळखीपाळखी तपासल्या जातात, हा आपल्या सार्वजनिक जीवनाचा जुना अनुभव आहे. १९८० च्या सुमारास श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने तोंडी परीक्षेला एकूण गुणांच्या एक तृतीयांश वाटा दिला होता. अजय हसिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मनमानी ठरवला आणि प्रवेशासाठी मुलाखतीला पंधरा टक्क्यांहून अधिक गुण असू नयेत असे म्हटले. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचे हृदय दहा मिनिटांत पारखण्याचा दावा कोणत्याही समितीने करू नये.

गुण अपुरे, परीक्षा अपुरी आणि मुलाखत धोक्याची, असे असेल तर मार्ग कोणता? तो शोधण्यापूर्वी आणखी एका गोंधळाकडे पाहावे लागेल. ज्या राज्यसंस्थेने हे दार सांभाळायचे, तिलाच समाजकार्यकर्ता म्हणजे कोण, याचे एकसारखे उत्तर देता आलेले नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने प्रत्येक बाल न्याय मंडळावर दोन ‘समाजकार्यकर्ते’ सदस्य ठेवले. त्यांची पात्रता सांगताना मुलांसाठीच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव किंवा बालमानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, समाजशास्त्र अथवा कायदा यांतील पदवीचा उल्लेख केला. समाजकार्याची पदवी त्या यादीत नाही. बालकल्याण समितीच्या सदस्यांसाठी ती २०२१ च्या दुरुस्तीने आली. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम मनोविकार समाजकार्यकर्त्याकडून समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी आणि त्यावर एम.फिल. मागतो, तर नव्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल.च मोडीत काढली. परिणामी या विषयासाठी ती तात्पुरत्या मुदतवाढीवर चालवावी लागली. वकिलीला बार कौन्सिल आहे, परिचारिकांना परिषद आहे, समाजकार्याला मात्र स्वतःची वैधानिक परिषद नाही.

ही पोकळी आता अंशतः भरली जात आहे. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातील समाजकार्यकर्त्यांना आपल्या कक्षेत घेतले आहे. नोंदणी, किमान दर्जा आणि सामाईक प्रवेश परीक्षेची तरतूद असा अधिकार या कायद्याखालील आयोगाकडे आहे. नोंदणीचे स्वागत करावे. परंतु प्रवेशाच्या टोकाला देशव्यापी परीक्षेची चाळणी लावली गेली, तर ‘नीट’च्या वादाची पुनरावृत्ती अटळ आहे, आणि या वेळी गमावणारी मुले ज्या वस्त्यांत हे काम करायचे त्याच वस्त्यांतील असतील.

माझ्या मते धोरणाचा क्रम उलटा करण्याची गरज आहे. प्रवेशाच्या वेळी कमी मागावे आणि पहिल्या वर्षात जास्त. बारावी उत्तीर्ण, कोणतीही शाखा, वयाची वरची मर्यादा नाही, एवढी अट पुरेशी आहे. जागांपेक्षा अर्ज अधिक असतील तेथे गुण आणि आरक्षण यांची प्रचलित पद्धत चालू राहावी. त्यात दोन गोष्टींची भर घालावी. पहिली भाषेची. ज्या जिल्ह्यात क्षेत्रकार्य करायचे तेथील लोकांची भाषा विद्यार्थ्याला बोलता येते, किंवा पहिल्या वर्षात तो ती शिकेल, ही अट हवी. कारखान्याच्या कल्याण अधिकाऱ्याला जे लागू आहे ते त्याच्या शिक्षणाला लागू नसावे, यात संगती नाही. आज ओरगडमच्या परिसरात ओडिया, हिंदी, बंगाली आणि असमिया बोलणारे कामगार मोठ्या संख्येने आहेत. तमिळ विद्यार्थ्याने कामापुरती ओडिया शिकणे हा तेथे अभ्यासक्रमाचा भाग ठरावा. चाकण-रांजणगावच्या वस्त्यांत क्षेत्रकार्य करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यालाही हेच लागू पडते. दुसरी भर अनुभवाची. आशा, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या कार्यकर्त्या, कामगार संघटनेचे प्रतिनिधी यांच्यासाठी काही जागा राखीव असाव्यात. त्यांच्या कामाची वर्षे कागदपत्रांनी सिद्ध करता येतात, त्यांसाठी मनमानीला वाव असलेल्या मुलाखतीची गरज नाही.

खरी चाळणी पहिल्या वर्षाच्या क्षेत्रकार्याची असावी. समाजकार्याच्या शिक्षणात आठवड्यातून दोन दिवस वस्तीत, रुग्णालयात किंवा संस्थेत काम करण्याची परंपरा आहे. ती कित्येक ठिकाणी हजेरीपटावरच उरली आहे. एका पर्यवेक्षकाकडे मोजकेच विद्यार्थी, लेखी नोंदी, बाहेरच्या परीक्षकाकडून त्यांची तपासणी आणि ज्याला हे काम मानवत नाही त्याला श्रेयांक न गमावता समाजशास्त्र किंवा अर्थशास्त्राच्या पदवीकडे वळण्याची मुभा, एवढे केले तर वृत्तीची पारख दहा मिनिटांऐवजी दहा महिन्यांत होईल, आणि विद्यार्थ्यालाही आपली पारख करता येईल. गोखल्यांच्या उमेदवारीचा लोकशाही अवतार याहून वेगळा असणार नाही.

याला पैसा लागतो. क्षेत्रकार्याचा बसभाडे-जेवणाचा खर्च आज विद्यार्थी करतो आणि मजुरी करून शिकणाऱ्याला ते दोन दिवस दुहेरी महाग पडतात. तमिळनाडूची ‘पुदुमै पेण्’ योजना सप्टेंबर २०२२ पासून सरकारी शाळांतून उच्च शिक्षणात गेलेल्या मुलींना दरमहा हजार रुपये देते. ऑगस्ट २०२४ पासून मुलांसाठीही तशीच योजना आहे. क्षेत्रकार्यासाठी असे वेगळे विद्यावेतन सुरू करणे कोणत्याही औद्योगिक राज्याच्या आवाक्यात आहे. त्याचा काही भार औद्योगिक वसाहतींनी आणि कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीने उचलावा. मात्र पर्यवेक्षण महाविद्यालयाकडेच राहिले पाहिजे, अन्यथा कल्याण अधिकारी पुन्हा मुकादमाच्या जागी बसेल.

मराठी वाचकाला याची प्रचिती किल्लारीने दिली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादची गावे नव्याने वसवताना सिमेंट आणि आराखडे कमी पडले नाहीत. प्रश्न पडले ते निराळे. घर कोणाच्या शेजारी, गोठा कुठे, विधवेच्या नावावर घर होईल का? त्यांची उत्तरे अभियंत्याच्या नकाशात नव्हती. ती मिळवण्यासाठी गावाच्या बोलीत बोलणारी आणि गावाच्या भांडणात न पडणारी माणसे लागत होती. अशी माणसे आपत्ती आल्यावर तयार करता येत नाहीत.

वल्लम वडगालच्या त्या संकुलात राहणाऱ्या अनेकींचे शिक्षण बारावीपर्यंत झाले आहे. म्हणजे समाजकार्याच्या पदवीची आजची कागदोपत्री अट त्या पूर्ण करतातच. त्यांना पाळ्यांचे वेळापत्रक, वसतिगृहाचे नियम, कंत्राटदाराची भाषा आणि घरच्यांची काळजी हे सर्व ठाऊक आहे. संध्याकाळच्या वर्गांची पदवी ओरगडममध्ये सुरू झाली आणि दरवर्षी त्यांतील चाळीस जणींना तिच्यात जागा मिळाली, तर पाच-सहा वर्षांत या पट्ट्यातील कारखान्यांना कायद्याने हवे असलेले कल्याण अधिकारी त्यांच्याच कामगारांतून मिळू लागतील. त्यासाठी देशव्यापी परीक्षेची गरज नाही. विद्यापीठाने वर्ग भरवण्याची, सरकारने विद्यावेतन देण्याची आणि कारखान्याने आठवड्यातून दोन दिवस पाळी बदलून देण्याची तयारी असली, म्हणजे झाले.